हंबर, डबल चिमटा: कामाच्या नोंदी

१६ नोव्हेंबर २०२३, जालना

भाऊबीज काल झाली. आज मित्राच्या गावाहून सायकल आणली. टेम्पोत ज्वारीच्या कडब्यावर आडवी टाकून आणली, त्यामुळे साखळीत आणि तारांत पाचोळा भरलाय. गोठ्याच्या आढ्याला दोरीनं टांगलेली होती. किती वर्षं? मित्राच्या घरचे तात्या म्हणाले, "मोटारसायकल घेतली तवापसनं." म्हणजे तीसेक वर्षं धरायला हरकत नाही.

समोरचा बिल्ला गेलाय, डोक्याच्या नळीवर नुसती रिव्हेटची दोन भोकं उरलीत. तरी ओळखायला वेळ लागला नाही. पुढच्या दातेरी चाकात पाच माणसं हातपाय पसरून नाचतायत, आणि पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला दोन्ही बाजूंना एकेक जाड नळीऐवजी दोन-दोन बारीक नळ्या. हंबर. थॉमस हंबर यांची मूळ कंपनी नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनची. १९३२ मध्ये हंबरच्या सायकलींचा धंदा रॅलेनं घेतला आणि पुढं त्या रॅलेच्या कारखान्यात होऊ लागल्या. पण पाच माणसं आणि डबल चिमटा त्यांनी सोडला नाही.

गावात तिला कुणी हंबर म्हणत नव्हतं. बापू, म्हणजे मित्राचे आजोबा, सायकलीवरून आले की पोरं म्हणायची, "आली हंबरत." नाव इंग्रजी आहे हे पोरांना माहीतच नव्हतं. घंटी नसल्यानं बापू तोंडानं आवाज काढायचे, म्हणून नाव पडलं असं त्यांना वाटायचं.

१९ नोव्हेंबर

माझी नोकरी काट्यावर. जालन्यात सळया करणाऱ्या कारखान्यांची रांग आहे, त्यातल्या एकाच्या गेटवर भंगाराचे ट्रक मी तोलून घेतो. भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, वजाबाकी, पावती. सव्वीस वर्षं हेच. विदर्भ, मराठवाडा, खानदेशातल्या कितीतरी सायकली माझ्यासमोरून भट्टीत गेल्यात, आणि पुढं त्यांचं काय होतं ते मला ठाऊक आहे. कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जातात. म्हणून हा नाद लागला. दिसली की मालकाला विचारायचं, भंगाराच्या भावानं पैसे भरायचे, पावती घ्यायची. आजवर अकरा जमल्या. पत्र्याच्या शेडमध्ये नऊ आहेत, दोन बायकोनं अंगणात झेंडूच्या वाफ्याला टेकवून ठेवल्यात. ती म्हणते, तेवढाच उपयोग.

हंबर मात्र ट्रकमधून आलेली नाही, म्हणून हिची वही वेगळी.

छोट्या काट्यावर वजन केलं: २१ किलो ४०० ग्रॅम, मातीसकट. ब्रेक दांडीचे. चाकं २८ बाय दीडची, पुढं ३२ तारा, मागं ४०. मडगार्ड मागचं मूळचं, पुढचं देशी. सीटच्या स्प्रिंगा विलायती, वरचं कातडं नाही. रंग हिरवा. हा कारखान्याचा हिरवा नाही, हातानं फासलेला ऑइलपेंट आहे, जागोजागी ओघळ सुकलेले.

२६ नोव्हेंबर

मागचं चाक काढलं. तीन गिअरचा हब आहे! हे टेम्पोत लक्षात आलं नव्हतं, कारण वरची तार तुटलेली आणि हँडलवरचा खटका गायब. हबवरचा चिकटा डिझेलनं धुतला. रॉकेल आता कुठं मिळतं? खाली अक्षरं उमटली: स्टर्मी-आर्चर, एडब्ल्यू. आणि शेजारी ५४.

स्टर्मी-आर्चर हबवर बनवल्याची तारीख ठोकायची पद्धत होती. ५४ म्हणजे १९५४.

इथंच पंचाईत झाली. मित्राच्या घरी ही सायकल म्हणजे देव्हाऱ्यातली गोष्ट आहे. रझाकारांच्या दंगलीत, १९४८ मध्ये, बापूंनी हिच्यावरून घरच्यांना निजामाच्या हद्दीपलीकडे देऊळगाव राजाला नेलं, ही कथा मी त्यांच्या घरच्या प्रत्येक लग्नात ऐकलीय. १९५४ चा हब असलेली सायकल १९४८ मध्ये कुणाला कुठं नेणार?

मित्राला अजून सांगितलं नाही.

३ डिसेंबर

कॉटर, म्हणजे क्रँक आसाला धरून ठेवणारी पाचर, काढायला बसलो. डावा निघाला. उजवा नाही. डिझेल सोडून ठेवलं.

१० डिसेंबर

उस्तादांकडे नेली. जुना जालना भागात त्यांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. भाड्याच्या सायकली होत्या तेव्हा साठ नग होते, आता पंक्चर आणि मुलांच्या सायकलींचं ओव्हरऑइलिंग. त्यांनी क्रँकखाली पाइपचा तुकडा उभा केला, वजन जमिनीवर घेतलं आणि हातोडीचा एकच घाव घातला. कॉटर सुटला. मी घरी दहा घाव घातले होते, सायकल अधांतरी धरून. घावाचं निम्मं बळ फ्रेमच्या उसळीत जात होतं.

क्रँक उतरल्यावर खरी भानगड दिसली. छर्रे ज्यात फिरतात ती डावीकडची वाटी तिरकी बसलीय. उस्तादांनी बोट फिरवलं, ओठ मुडपले. "साब, ये चूडी विलायती है. कोई देसी वाटी जबरन ठोक दिया इसमें."

हे नीट लिहून ठेवतो, कारण पुढं कुणाला तरी उपयोगी पडेल. आपल्या बाजारात मिळणाऱ्या वाटीला इंचाला २४ आटे असतात. रॅलेच्या कारखान्यातल्या फ्रेमला २६. व्यास दोन्हीचा सारखाच, एक इंच आणि तीन अष्टमांश. त्यामुळे देशी वाटी त्यात धरते, एक-दोन फेरे हातानंही जाते, आणि माणसाला वाटतं बरोबर आहे. मग अडकते, कारण वाटीचा आटेरी भाग एक सेंटिमीटरच्या आसपास, आणि तेवढ्यात दोन्हींत जवळजवळ एका आट्याचा फरक पडतो. पुढं पाना लावून रेटलं की वाटी पोलादी असल्यानं तिला काही होत नाही, मऊ नळीचे आटे कापले जातात. गावातल्या कुणीतरी रेटलंय. त्याला दोष देऊन काय करणार? त्याच्या डब्यात हीच वाटी होती, आणि गिऱ्हाइकाला संध्याकाळी रानातून परत जायचं होतं.

उजवीकडची वाटी मूळची आहे. तिचे आटे उलटे, डावे. तिला हात लावायचा नाही असं ठरलं.

आता २६ आट्यांची डावी वाटी हवी. एक नाही, दोन. कशासाठी ते मिळाल्यावर लिहीन.

२४ डिसेंबर

पुण्याहून मित्राचा फोन. हिंजवडीला असतो. खर्च तो देणार आहे, तेव्हा त्याचं ऐकावं लागतं. त्याला सायकल काळी कुळकुळीत हवी, सोन्याच्या रेघांसकट, हँडल नवं क्रोम केलेलं. फ्लॅटच्या हॉलमध्ये भिंतीला लावायची म्हणतो. मोबाइलवर चार फोटो पाठवले, कुठल्याशा हॉटेलात टांगलेल्या सायकलींचे. चारही सायकली आरशासारख्या. एकीला तर साखळीच नव्हती.

मी हो-नाही काही बोललो नाही. माझी पहिली सायकल मी अशीच चकाचक करून घेतली होती. रज नावाच्या कंपनीची होती, दातेरी चाकात हाताचा पंजा असलेली. ज्याच्याकडे दिली त्यानं वाळूचा मारा करून रंग उडवला, वर जाड पावडरचा थर भाजला. घरी आणून पाहतो तर फ्रेमचा नंबर गेलेला, सांध्यांच्या नक्षीदार कडा बुजलेल्या, डोक्याच्या नळीत वाळू. नवीन छर्रे महिन्याभरात दळले गेले. ती सायकल बघायला येणारे सगळे वा म्हणतात. मला ती बघवत नाही, वाफ्यातल्या दोघींपैकी एक तीच.

१४ जानेवारी २०२४

फ्रेमवर गिअरच्या तारेची क्लिप आहे, आडव्या नळीला आवळलेली. तिचा स्क्रू आज सुटला. क्लिपखालचा रंग बघायचा होता. कारखान्यातून गिअरसकट आलेली सायकल असेल तर क्लिपखाली मूळचा काळा रंग कोवळा सापडायला हवा, कारण हिरवा रंग देणाऱ्यानं क्लिप काढलीच नसणार, वरूनच कुंचला फिरवला असणार.

क्लिपखाली हिरवा निघाला. गुळगुळीत, चकचकीत हिरवा, सत्तर वर्षं उन्हापासून झाकलेला. आणि क्लिपच्या स्वतःच्या अंगावर हिरव्याचा एक थेंबही नाही.

म्हणजे आधी काळी सायकल, मग तिला हिरवा रंग, आणि त्यावर गिअरची क्लिप. गिअर मागून आले. १९५४ हे मागच्या चाकाचं साल, सायकलीचं नव्हे.

जवळजवळ ओरडलोच. बायको तीळ भाजत होती, तिनं आतून विचारलं, बोट चेमटलं का?

१६ जानेवारी

तीळगूळ घेऊन तात्यांकडे. वय ८४, ऐकू कमी येतं, डोळे चांगले. मी हिरव्याचं विचारलं तर लगेच म्हणाले, "त्यो पोळ्याचा रंग हाय. बैलगाडीला दिला, उरला त्यो हिला."

कधीच्या पोळ्याला?

"थोरलीच्या लग्नाच्या साली. आन् तीन गेरचं चाक त्याच्या दुसऱ्या साली, कापसाचे पैसे आले तवा. औरंगाबादहून आनलं व्हतं. बापू म्हनायचे चढाला लागतं. चढ कुठं हाय आपल्याकडं? पर हौस."

म्हणजे चाक बदलल्याचं त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. मीच विचारलं नव्हतं. दोन महिने मी हबच्या आकड्याला चिकटून बसलो, आणि ज्या माणसाच्या डोळ्यांदेखत ते चाक आलं तो तीस किलोमीटरवर ओट्यावर बसलेला.

मग देऊळगावची गोष्ट परत ऐकली. लग्नात ऐकतो ती वेगळी. त्यात बापू बंदूकधाऱ्यांना चुकवत अंधारातून सुसाट जातात. तात्यांच्या तोंडून अशी: ते तेव्हा नऊ वर्षांचे, पुढं नळीवर. मागं कॅरिअरवर त्यांची आई, मांडीवर धाकटी. इतकं ओझं घेऊन सायकल चालवणं होईना, म्हणून बापू बहुतेक वाट सायकल हातात धरून चालतच गेले. तात्यांना भीतीचं काही आठवत नाही. नळीवर बसून पायाला मुंग्या आल्या होत्या आणि उतरवा म्हणायची सोय नव्हती, तेवढं आठवतं. "निजामाच्या हद्दीबाहीर गेलो तवा आईनं उतरवलं. मला उभंच ऱ्हाता येईना."

२१ जानेवारी

तात्यांनी पत्र्याच्या पेटीतले जुने कागद दिले होते. सारापावत्या, एक जन्मपत्रिका, आणि उर्दूतली एक पावती, घडीवर फाटलेली. उस्तादांचे थोरले भाऊ उर्दू शाळेत मास्तर होते, निवृत्त झालेत. भिंग घेऊन बसले. अक्षर घसरतं आहे म्हणाले, पण लागतंय. माल: टायर एक, ट्यूब एक, अठ्ठावीस इंची. रक्कम साडेनऊ रुपये, सिक्का उस्मानिया. महिना खुरदाद, साल १३५६ फसली.

निजामाच्या राज्यातला फसली सन ऑक्टोबरात सुरू व्हायचा. इसवी काढायला ५९० मिळवायचे, आणि महिना जानेवारीपुढचा असेल तर ५९१. खुरदाद हा सातवा महिना. म्हणजे १९४७ चा एप्रिल. आणि रुपये हाली, म्हणजे निजामाचे; कलदार, म्हणजे इंग्रजांचे, नव्हेत. सात हालीला सहा कलदार या हिशेबानं आठ रुपये दोन आण्यांच्या आसपास पडतात. विलायती माल मनमाडवरून आला तरी इथल्या गिऱ्हाइकाच्या खिशात हालीच असायची.

नवी सायकल घेतल्याची ही पावती नाही, टायरची आहे. पण १९४७ च्या उन्हाळ्यात ज्याला टायर बदलावा लागला त्याच्या दारात सायकल त्याआधी दोन-तीन वर्षं तरी असणार. मास्तर म्हणाले, वकील असता तर विचारलं असतं की ती हीच सायकल कशावरून? मीही तेच विचारलं असतं. तात्यांना विचारणार नाही.

मित्राला तिन्ही गोष्टी एकदमच कळवल्या: ५४ चा हब, क्लिपखालचा हिरवा, पावती. त्याचं उत्तर आलं, "भारी! पण मग काळा रंग देता येईल ना?"

११ फेब्रुवारी

गंजासाठी मळीचा टब लावला. दूधवाला गुरांच्या खाद्यात घालायला मळी आणतो, त्याच्याकडून एक कॅन घेतला. एक भाग मळी, आठ-नऊ भाग पाणी. त्यात हँडल, ब्रेकच्या दांड्या, पायडलचे सांगाडे आणि सीटच्या स्प्रिंगा बुडवल्या. मळी गंज हळूहळू ओढून घेते आणि चांगलं लोखंड जवळजवळ तसंच ठेवते. घाई असणाऱ्यानं हे करू नये, दोन-तीन आठवडे लागतात. ॲल्युमिनियमचं काही चुकूनही टाकायचं नाही, खाऊन टाकते. फ्रेमही नाही, कारण हिरव्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

वास आंबूस. मुंगळे आले, मग माश्या. शेजारच्यांनी विचारलं, हातभट्टी लावली का?

३ मार्च

टबातून काढून ब्रशनं घासलं. दांड्या राखाडी, स्वच्छ. हँडलचं क्रोम साठ टक्के शिल्लक, बाकी डाग. नवीन क्रोम करणार नाही. मेण लावलं.

वाटीचा पत्ता नाही. ट्रकमध्ये येतात त्या सगळ्या लुधियाना आणि सोनीपतच्या. त्या २४ आट्यांच्या.

१७ मार्च

मिळाली!

हिंगोलीकडचा ट्रक होता. मधे पत्रे, खाली कडब्याच्या कुट्टी मशीनचं चाक, आणि त्याखाली दबलेली फ्रेम, पुढची नळी वाकडी झालेली. दातेरी चाकात बगळ्यांची डोकी दिसली, म्हणजे रॅले. समोरच्या बिल्ल्यावर नॉटिंगहॅम वाचता येतंय. ड्रायव्हर म्हणाला साहेब उरका, मागं लाइन लागलीय. फ्रेम उतरवून तोलली, पावती फाडली. चार किलोच्या आत. माझ्या आयुष्यातला सगळ्यात फायद्याचा सौदा, आणि हे काट्यावरचा माणूस सांगतोय.

हिच्यात डावी वाटी शाबूत. दुसरी वाटी उस्तादांच्या डालड्याच्या डब्यात तळाशी निघाली, आतली छर्ऱ्यांची वाट खड्डे पडून गेलेली, पण बाहेरचे आटे धारदार. हीच हवी होती. दोन्ही वाट्यांचे आटे एकमेकांत घालून उजेडाकडे धरले. फट नाही. देशी वाटी तशीच धरली तर मधे उजेड दिसतो. आटे मोजायची पट्टी नसेल तर ही खूण पुरते.

३१ मार्च

हातानं केलेल्या कामांत हे मला सगळ्यात आवडलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

फ्रेमचे कापले गेलेले आटे परत पाडायला त्या मापाचा टॅप हवा. एवढ्या मोठ्या व्यासाचा २६ आट्यांचा टॅप जालन्यात मिळणं शक्य नाही, मागवायचा तर सायकलीपेक्षा महाग. उस्तादांनी खराब वाटीला पातळ ग्राइंडिंग डिस्कनं आट्यांवर आडव्या सहा खाचा पाडल्या. वाटी कडक पोलादाची असल्यानं करवत चालत नाही. खाचांच्या कडांनी आता तीच वाटी टॅपचं काम करते. तेल सोडून, नळीच्या आतल्या टोकाला जिथं आटे अजून शिल्लक होते तिथला सूर धरून बसवायची, अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. बाहेर काढून खाचांतला किस पुसायचा. परत.

अडीच तास लागले. मधे दोनदा मला वाटलं आता पुरे, बसेल. उस्ताद म्हणाले, "नको साब. जल्दी करेंगे तो इसमें और उस देसीवाले में फरक क्या रहा?"

शेवटी चांगली वाटी बोटांनी आत गेली, शेवटच्या दोन फेऱ्यांना पाना लागला. आटे पूर्वीसारखे भरलेले नाहीत. साठ-सत्तर टक्के पकड असेल, वरून कडी आवळल्यावर टिकेल. ग्रीस भरून दोन्ही बाजूंना पाव इंची छर्रे अकरा-अकरा घातले. नवीन कॉटर कानशीनं घासून बसवले, दोन्ही उलट दिशांनी. तसं नाही केलं तर पायडलं एका रेषेत येत नाहीत आणि माणूस लंगडत सायकल मारतो.

उस्तादांनी पैसे घेतले नाहीत, रॅलेच्या फ्रेममधली उरलेली उजवी वाटी मागितली. दिली.

२१ एप्रिल

ऊन इतकं की शेडमध्ये पाना हातात धरवत नाही. काम पहाटे पाच ते आठ.

हब उघडला. उघडण्याआधी उजव्या कडीवर आणि हबच्या अंगावर समोरासमोर खुणा केल्या. या कडीला दुहेरी आटा असतो, दोन जागी सुरू होतो. मूळ जागा सोडून दुसऱ्या जागी बसली तर चाकाचा आउट परत काढत बसावं लागतं.

आत सगळं घट्ट चिकटलेलं. वंगण नाही, वार्निशच. पिवळट-तपकिरी, नखानं पापुद्रा निघतो. तात्यांना फोन केला. "तेल का? करडईचं घालायची आई. घरचं घाण्याचं."

बरोबर आहे. करडईचं तेल हवेत सुकतं, म्हणून ते रंगातसुद्धा वापरतात. माउलीनं प्रेमानं घातलेलं तेल आत रंगासारखं वाळून बसलं. थिनरमध्ये रात्रभर भिजवल्यावर भाग सुटले.

आणि आतलं यंत्र! झिजच नाही म्हटलं तरी चालेल. आसाला घट्ट असलेलं मधलं छोटं चाक २० दात्यांचं, भोवती फिरणारी छोटी चाकं तीही वीस-वीसची, बाहेरची दातेरी कडी ६० ची. मधलं चाक कधीच फिरत नाही, बाकीची त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालतात. दुसऱ्या गिअरला जोर सरळ जातो. तिसऱ्याला छोट्या चाकांच्या पिंजऱ्यात जोर घालायचा आणि कडीतून काढायचा: एकाला एक आणि एक तृतीयांश. पहिल्याला उलट, कडीत घालून पिंजऱ्यातून काढायचा: एकाला पाऊण. वीस आणि साठ या दोन आकड्यांतून सगळं निघतं. पुढं ४६ दाते आणि मागं १८ आहेत, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल पहिल्यात सव्वाचार मीटर, दुसऱ्यात पावणेसहा, तिसऱ्यात साडेसातच्या वर जाईल. बापूंची हौस आता समजते. चढ नसेना का, देऊळगावकडचा वारा तर आहे.

चारही कुत्री, म्हणजे दात्यांत अडकणारे खटके, ठीक, त्यांच्या केसासारख्या स्प्रिंगांपैकी एक मोडलेली.  घड्याळजीकडून तार आणून वळवली. तिसरा प्रयत्न जमला. पातळ मशीनचं तेल सोडलं. ग्रीस आत भरायचं नसतं, कुत्री आळसावतात.

१३ मे

मतदानाची सुट्टी. सकाळी मत देऊन आलो, बोटाची शाई वाळायच्या आत चिमटा हातात घेतला. चार बारीक नळ्यांपैकी डावीकडची मागची खाली चिरलीय. विजेच्या वेल्डिंगला नाही म्हटलं. त्याच्या आचेनं एवढी पातळ नळी भोकसते किंवा शेजारी ठिसूळ होते. पितळेचा जोड घातला, जसा कारखान्यात असतो. नळी लाल झाली पाहिजे, वितळता कामा नये, आणि पितळ आपोआप फटीत ओढलं गेलं पाहिजे. जोड पिवळा दिसतो. त्यावर रंग देणार नाही.

मित्र मत द्यायला गावी आला होता, दुपारी इकडे आला. मी सीटखालच्या नळीवर काडेपेटीएवढी जागा हिरवा खरवडून उघडली होती. आत काळा, त्यावर सोनेरी रेघ, अजून तेज असलेली. त्याला वाटलं मी वळलो. "बघ, हेच पाहिजे!" म्हणाला. मी म्हटलं, हात लाव, पण हिरव्याला. त्यानं लावला. रंगात केकताडाच्या कुंचल्याचे केस अडकलेत, चुना द्यायच्या कुंचल्यानंच फासलाय. त्यानं एक केस नखानं उचकटायचा प्रयत्न केला आणि थांबला.

बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हिरवी ठेवलीस तर ती हॉलमध्ये चालणार नाही. बायकोला विचारायलाच नको."

"मग?"

"मग गावीच राहू दे. तात्यांकडं."

तात्यांचं म्हणणं काय, ते आम्ही दोघांनीही विचारलं नव्हतं. फोन लावला. तात्या म्हणाले, रंगाचं तुमचं तुम्ही बघा, चालती करा.

१९ मे

तारा बदलल्या, मागं ४०, पुढं जुन्याच राहिल्या. टायर-ट्यूब नवीन, २८ बाय दीड आजही कोणत्याही तालुक्याच्या बाजारात मिळतं. ब्रेकचे रबरही तसेच मिळतात. आपल्या दूधवाल्यांनी आणि पेपरवाल्यांनी हे माप जिवंत ठेवलंय, नाहीतर आमच्यासारख्यांचं काही खरं नव्हतं.

२ जून

सीट. स्प्रिंगांवर कातडं हवं. तात्यांनीच निरोप धाडला की मोटेच्या सोंडेचा तुकडा माळ्यावर आहे, पूर्वीच्या सीटलाही तेच होतं. डिझेल इंजिन आल्यावर मोट सुटली, कातडं राहिलं. पाण्यात दोन दिवस भिजवून लाकडाच्या साच्यावर ताणलं, चांभारकाकांनी तांब्याचे रिव्हेट मारले. एरंडेल चोळलं, खालूनच, आणि थोडंच. जास्त झालं की झोळी होते.

१६ जून

पहिला पाऊस होऊन गेलाय. टेम्पोनं गावी नेली. तात्यांनी आधी सायकलीभोवती एक फेरी मारली. पाच माणसांवरून अंगठा फिरवला, ब्रेक दाबला, पितळी जोडाजवळ वाकून "हे कुनी केलं?" विचारलं, आणि मग आडव्या नळीवर तळहात ठेवून उभे राहिले. बसून बघता का म्हटलं तर हसले. "आता कुठं. तू मार."

मी मारली. गावापासून मारुतीच्या पारापर्यंत आणि परत. पहिला गिअर उत्तम. तिसऱ्यात कुत्री टिकटिकायला लागली की छान वाटतं. दुसऱ्यात मात्र परत येताना पायडल एकदा मोकळं फिरलं, नडगीला लागलं. तार सैल आहे. दुसऱ्यात टाकून उजव्या नटच्या खिडकीतून पाहिलं, साखळीच्या दांडीचा खांदा आसाच्या टोकाशी बरोबर यायला हवा तो थोडा आत होता. अर्धा आटा आवळली.

निघताना तात्यांनी विचारलं, "पंप कुठाय?" फ्रेमला पंपाच्या दोन खुंट्या आहेत, सात महिने मी त्या बघतोय, आणि पंप मनातही आला नाही. पुढच्या रविवारी घेऊन जायचा. पंधरा इंची, पितळी मिळाला तर पितळी.